नायक, विदूषक आणि निरूपणकार : ‘शक्तिमान’ मालिकेतील व्यक्तिचित्रणाचा प्रश्न

१

एखाद्या बालकादंबरीतील अथवा बालमालिकेतील पात्रे ‘सपाट’ आहेत, त्यांचा ‘विकास’ होत नाही, असा अभिप्राय आपल्याकडे पुष्कळदा दिला जातो आणि तेवढ्यावर समीक्षा थांबते. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली कादंबरीविषयक व्याख्यानांतून सपाट व गोलाकार पात्रे असा जो भेद केला, त्याचेच हे सुलभीकरण होय. खुद्द फॉर्स्टरने सपाट पात्रांची उपयुक्तता मान्य केली होती. डिकन्सची बहुतेक पात्रे सपाट असूनही त्यांतून जिवंतपणाचा प्रत्यय येतो, हेही त्याने नोंदवले होते. आपल्या पाठ्यपुस्तकी समीक्षेने हा भेद उचलला आणि त्यामागची सावधगिरी मात्र मागे ठेवली. परिणामी ‘विकास’ हे एका विशिष्ट वाङ्मयप्रकाराचे मूल्य सर्वच कथनप्रकारांना लावण्याची सवय जडली.

प्रस्तुत लेखात या सवयीची तपासणी एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झालेली आणि मार्च २००५ पर्यंत चाललेली ‘शक्तिमान’ ही हिंदी मालिका हे ते उदाहरण होय. दिनकर जानी यांचे दिग्दर्शन आणि मुकेश खन्ना यांची निर्मिती व प्रमुख भूमिका असलेली ही मालिका चारशेहून अधिक भागांपर्यंत विस्तारली. महाराष्ट्रातील शहरांतून आणि खेड्यांतून मुलांची एक संपूर्ण पिढी रविवारच्या दुपारी ती पाहत वाढली. या पिढीतील अनेक जण आज आपल्या पदव्युत्तर वर्गांना शिकवीत आहेत. मालिकेचा नायक बदलत नाही, वाढत नाही, चुकत नाही, हा तिच्यावरील आक्षेप जुना आहे आणि वस्तुस्थिती म्हणून तो खराही आहे. परंतु न बदलणारा नायक हा स्वयमेव दोष ठरत नाही. दोष कोठे आहे हे सांगावयाचे, तर नायकाकडे एकट्याने न पाहता त्याच्याभोवतीच्या भूमिकांच्या इतिहासाकडे पाहावे लागेल.

२

प्रथम ‘विकास’ या निकषाचे मूळ पाहू. संस्कृत नाट्यमीमांसेने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे चार प्रकार कल्पिले आहेत. या प्रत्येकात ‘धीर’ हे पद समान आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. नायकाची प्रकृती स्थिर असणे हे तेथे गृहीतच आहे. जे पुढे सरकते ते कार्य. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्था कार्याच्या आहेत, व्यक्तीच्या अंतर्मनाच्या नाहीत. धीरोदात्त नायक पहिल्या अंकापासून अखेरच्या अंकापर्यंत धीरोदात्तच राहतो. म्हणून कोणी त्याला कच्चे व्यक्तिचित्रण म्हणत नाही. कारण प्राप्त्याशेच्या अवस्थेत फळ हातचे जाईल की काय, ही शंका नाटककाराने खरी केलेली असते.

व्यक्तीच्या अंतरंगातील परिवर्तन हे कथेचे प्रयोजन मानण्याची दृष्टी कादंबरीबरोबर आली. मराठीत या संक्रमणाच्या दोन टोकांना आपण नेमकी नावे देऊ शकतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या अद्भुतरम्य कादंबरीतील सज्जन आणि दुर्जन आरंभापासून शेवटपर्यंत आपापल्या जागी उभे असतात. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मधील यमू मात्र आपल्या डोळ्यांदेखत वाढते. तिचे आकलन, तिची भाषा आणि तिचे दुःख वयाबरोबर बदलत जाते. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येत होती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. हप्त्याहप्त्याने सांगावयाच्या कथेत पात्राचा विकास शक्यच नसतो, असा युक्तिवाद दूरचित्रवाणी मालिकांच्या समर्थनार्थ केला जातो. मराठी कादंबरीच्या इतिहासाने तो शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. क्रमशः प्रकाशनामुळे यमूची वाढ अडली नाही. उलट आठवड्याआठवड्याने वाचणाऱ्याला ती आपल्याबरोबरच मोठी होते आहे, असे वाटण्यास त्यामुळे साहाय्यच झाले असावे.

तेव्हा आपल्यापुढे दोन परंपरा आहेत. एकीत नायक स्थिर असतो आणि कार्य पुढे सरकते; दुसरीत व्यक्ती स्वतःच कालाच्या प्रवाहात घडत जाते. ‘शक्तिमान’ची अडचण अशी की ती पहिल्या परंपरेचे आश्वासन देत नाही आणि दुसऱ्या परंपरेचे देऊन ते पाळत नाही.

३

मालिकेच्या पूर्वकथेकडे पाहिल्यास हे स्पष्ट होईल. शक्तिमान हा परग्रहावरून आलेला नाही. अपघाताने अथवा प्रयोगशाळेतील रसायनाने त्याला सामर्थ्य लाभलेले नाही. सात सूर्यांशींच्या मार्गदर्शनाखाली केलेली साधना, कुंडलिनीची जागृती, सप्तचक्रांचा भेद आणि पंचमहाभूतांचे साहाय्य यांतून एक माणूस शक्तिमान होतो. १९३८ साली अवतरलेल्या अमेरिकी सुपरमॅनपासून त्याचे वेगळेपण येथेच आहे. सुपरमॅनचे बळ जन्माने येते, शक्तिमानचे प्रयत्नाने. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर ही कल्पनाच मुळात परिवर्तनाची आहे. सामान्य देहधारी मनुष्य काही आचरणाने असामान्य होऊ शकतो, हे तिचे आशयसूत्र आहे. चक्र ही संकल्पना पायऱ्यांची आहे. साधना या शब्दाला अपूर्णता, चूक, पुनःप्रयत्न आणि कालावधी या सर्वांचा अर्थ चिकटलेला आहे. आपल्या संतचरित्रांत साधकावस्थेचे जे स्थान आहे, ते ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हे वेगळे सांगावयास नको.

असे असता मालिकेने हे सारे परिवर्तन कथेच्या पूर्वी घडवून संपविले. प्रेक्षकासमोर येतो तो सिद्ध. साधक पूर्वकथेत राहतो; सूर्यांशींची आणि महागुरूंची आठवण कथेत येते, पण ती नायकाच्या अधिकाराची साक्ष म्हणून येते, त्याच्या अपुरेपणाची जाणीव म्हणून क्वचितच. संकटे आठवड्याआठवड्याला वाढत जातात, खलपुरुषांची संख्या वाढत जाते. परंतु दोनशेव्या भागातला नायक दुसऱ्या भागातल्या नायकापेक्षा अधिक शहाणा, अधिक थकलेला किंवा अधिक साशंक झाला आहे, असे जाणवत नाही.

उम्बेर्तो एको याने १९६२ साली सुपरमॅनच्या मिथकाविषयी लिहिलेल्या निबंधात या स्थितीचे एक कारण सांगितले आहे. पुराणपुरुषाची कथा श्रोत्याला आधीच ठाऊक असते. ती घडून गेलेली असते. कादंबरीच्या नायकाचे भवितव्य मात्र वाचकाला अज्ञात असते. जनप्रिय मालिकेच्या नायकाने एकाच वेळी दोन्ही असावे लागते. त्याने पुराणपुरुषासारखे अचल राहावे आणि तरीही दर आठवड्याला नवे काही करावे. कृती केली की काळ जातो, काळ गेला की माणूस झिजतो, आणि नायक झिजला की मालिका संपते. या पेचातून सुटण्यासाठी प्रत्येक कथा जणू मागची कथा घडलीच नाही, अशा रीतीने सुरू केली जाते. बाख्तिनने प्राचीन ग्रीक साहसकथांतील काळाविषयी केलेले विवेचन याच दिशेचे आहे. त्या कथांत असंख्य घटना घडतात आणि नायकनायिकांच्या देहावर किंवा मनावर काळाची एकही खूण उमटत नाही.

एकोचे विवेचन ‘शक्तिमान’ला लागू पडते, परंतु पुरे पडत नाही. सुपरमॅनच्या बाबतीत काळ गोठविणे ही व्यवसायाची गरज होती आणि त्या नायकाच्या मूळ कल्पनेशी तिचा विरोध नव्हता. ‘शक्तिमान’मध्ये तोच गोठलेला काळ साधनेच्या कल्पनेवर आणून बसविला गेला. मुलांना ‘तुम्हीही असे होऊ शकता’ असे सांगणाऱ्या कथेने ‘असे कसे होतात’ हे दाखविण्याचे टाळले. तिच्या व्यक्तिचित्रणाचा पहिला दोष हा आहे.

४

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो गंगाधराच्या रूपाने आपल्यासमोर उभा राहतो. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे शक्तिमानचे लौकिक रूप. ‘आज की आवाज’ या वृत्तपत्रात तो छायाचित्रकार आहे. चष्मा, पुढे आलेले दात, चापून बसविलेले केस, भाबडा चेहरा आणि संस्कृतप्रचुर हिंदी असा त्याचा थाट. क्लार्क केन्टच्या साच्यातून तो आला हे उघड आहे. परंतु आपल्या परंपरेत त्याचा आणखी एक पूर्वज आहे, आणि तो म्हणजे विदूषक.

संस्कृत नाटकातील विदूषक जातीने ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत. त्याच्या विनोदाचे एक मूळ या विसंगतीत आहे. गंगाधराच्या बाबतीत ही विसंगती उलटी झाली आहे. सगळे जग बोली हिंदी बोलत असताना हा एकटा शास्त्र्यांची भाषा बोलतो आणि म्हणून हास्यास्पद ठरतो. यातला विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. ज्या ज्ञानपरंपरेच्या बळावर शक्तिमान उडतो, त्याच परंपरेची भाषा गंगाधराच्या तोंडी आली की विनोदाचा विषय होते. योगाचे फळ असलेले शरीर गौरवाचे, शास्त्राचे वाहन असलेली वाणी थट्टेची! परंपरेविषयीच्या आदराने भारलेल्या मालिकेत हे नकळत घडले आहे. नव्वदीच्या दशकातील मध्यमवर्गाचे परंपरेशी असलेले नाते त्यातून जितके कळते, तितके त्या मालिकेतील उपदेशातून कळत नाही.

परंतु विदूषकाचे मुख्य काम हसविणे हे नव्हते. नायकाजवळ बसून त्याच्याशी मोकळेपणाने बोलणारा तो एकमेव पुरुष होता. ‘शाकुन्तला’च्या दुसऱ्या अंकात दुष्यन्त आपले मन उघडे करतो ते माधव्यापाशी. माधव्य राजाच्या मृगयेला कंटाळलेला आहे, त्याच्या प्रेमाची थट्टा करतो, आणि राजाला स्वतःची बाजू मांडावी लागते. त्यामुळेच दुष्यन्ताचे अंतरंग प्रेक्षकाला दिसते. पात्राची खोली बहुधा अशीच निर्माण होते. दुसऱ्या कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो, आणि त्या प्रश्नामुळे पात्राला स्वतःकडे वळावे लागते.

‘शक्तिमान’मध्ये नायक आणि विदूषक एकाच देहात राहतात. एक गिरकी घेतली की विदूषक नाहीसा होऊन नायक अवतरतो. ज्या क्षणी नायकाला प्रश्न विचारणारा हवा, त्या क्षणी तो अस्तित्वातच नसतो. आणि गंगाधर उपस्थित असतो तेव्हा, आपण केवळ सोंग आहोत, हे त्याला ठाऊक असते. त्याचा भित्रेपणा खोटा, त्याची फजिती ठरवून केलेली. मानवी काळाचा अनुभव घेऊ शकेल, अपमान झाल्यास ज्याला खरोखर लागेल, ज्याला खरोखर भूक आणि भीती असेल असे रूप मालिकेच्या हाती आयते होते. त्याचा मुखवटा केल्याने ती शक्यता संपली.

उरते गीता विश्वास. ती वार्ताहर आहे. प्रश्न विचारणे हा तिचा व्यवसायच आहे. किटू गिडवानी यांनी आरंभी आणि पुढे वैष्णवी महंत यांनी ही भूमिका केली. परंतु तिच्या जिज्ञासेला कथेने एकच विषय नेमून दिला, तो म्हणजे शक्तिमान कोण आहे. तो जे करतो ते योग्य आहे काय, त्याच्या येण्याची वाट पाहत बसलेल्या समाजाचे काय होते, हे प्रश्न तिच्या वार्तांकनाच्या कक्षेत येत नाहीत. तिच्या आडनावातच तिचे उत्तर लिहिलेले आहे. गुणवाचक नावांची ही पद्धत रूपकनाट्याची आहे. खलनायक तमराज किल्विष याच्या नावात ‘तम’ आणि ‘किल्विष’, म्हणजे अंधार आणि पाप, हे दोन्ही शब्द आहेत. आणि ‘अंधेरा कायम रहे’ ही त्याची घोषणा त्याचे संपूर्ण चरित्र होय. कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या अकराव्या शतकातील नाटकातही पात्रे विवेक, महामोह अशा नावांचीच आहेत. पण तेथे विवेक आणि महामोह हे दोघेही मनाचेच पुत्र आहेत. माता भिन्न, पिता एक. अंधार घरातलाच आहे, हे ते नाटक विसरू देत नाही. ‘शक्तिमान’मधील अंधार बाहेरून येतो. नायकाच्या मनाशी त्याचे नाते नसल्याने त्याच्याशी होणारा लढाही बाहेरच घडतो आणि बाहेरच संपतो.

५

तिसरी भूमिका निरूपणकाराची. तिचा इतिहास दूरदर्शनच्या मालिकांतूनच तपासता येतो आणि माझ्या मते या प्रश्नाची किल्ली तेथे आहे.

१९८४ साली सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका लोकशिक्षणाच्या हेतूने आखलेली होती. तिच्या प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन घडलेल्या गोष्टीवर भाष्य करीत. ते कथेतले पात्र नव्हते. कथा एकीकडे आणि निरूपण दुसरीकडे अशी स्पष्ट वाटणी होती. त्या मालिकेच्या परिणामाचा अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की, स्त्रियांच्या दुय्यम स्थितीचे उदाहरण म्हणून रंगविलेली भागवंती ही सोशिक आई अनेक प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, आदर्श वाटली होती. निरूपणकाराचे म्हणणे एक, प्रेक्षकांनी घेतलेला अर्थ दुसरा. संदेशवाहनाच्या दृष्टीने हे अपयश म्हणता येईल. वाङ्मयीन दृष्टीने मात्र ती पात्रांच्या जिवंतपणाची खूण आहे. उपदेशाला न जुमानण्याइतकी ती स्वतंत्र होती.

१९८८ ते १९९० या काळात दाखविल्या गेलेल्या ‘महाभारत’ मालिकेत निरूपणाचे काम ‘समय’ या अदृश्य निवेदकाकडे आले. येथेही निवेदक आणि पात्रे वेगळी होती. याच मालिकेत मुकेश खन्ना यांनी भीष्माची भूमिका केली होती, आणि पुढे त्यांच्या निर्मितिसंस्थेलाही भीष्माचेच नाव मिळाले. हा केवळ चरित्रात्मक योगायोग नव्हे. भीष्म हा न बदलणाऱ्या नायकाचा आपल्या वाङ्मयातील सर्वोच्च नमुना आहे. एकदा घेतलेली प्रतिज्ञा तो मरेपर्यंत पाळतो. परंतु महाभारतकार त्या अचलतेची परीक्षा घेतल्यावाचून राहत नाही. अंबा त्याच्यासमोर येऊन उभी राहते. द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते आणि धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणण्यापलीकडे त्याला जाता येत नाही. शेवटी ती प्रतिज्ञा ज्याच्या रक्षणासाठी होती तो कुरुवंश त्याच्या डोळ्यांदेखत नष्ट होतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) भीष्माच्या त्यागाची जी कठोर छाननी केली, ती करता आली याचे कारण मूळ संहितेतच त्या छाननीची सामग्री आहे. भीष्म बदलत नाही, पण न बदलण्याची किंमत मोजतो. त्याचे व्यक्तिचित्रण समर्थ ठरते ते या किमतीमुळे.

‘शक्तिमान’मध्ये निरूपण कथेच्या नायकाकडेच आले. भागाच्या अखेरीस एखादे मूल खोटे बोलते, कचरा टाकते, अभ्यास चुकविते किंवा हट्ट करते; शक्तिमान प्रकट होऊन त्याला समजावतो; मूल ‘सॉरी शक्तिमान’ म्हणते. ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या नावाने ही उपदेशमाला घरोघर पोहोचली. मराठी वाचकाला यात कीर्तनाची रचना ओळखू येईल. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान हा तेथील क्रम. येथे तो उलटून आख्यान आधी आणि निरूपण नंतर आले आहे. पण कीर्तनकार स्वतः आख्यानाचा नायक कधीच नसतो. तो हरिश्चंद्राची कथा सांगतो, हरिश्चंद्र असल्याचा दावा करीत नाही. तो श्रोत्यांच्या बाजूला उभा असतो. प्रसंगी नायकाविषयी हळहळतो, प्रसंगी देवालाही बोल लावतो. नायकानेच निरूपण करावयाचे म्हटले की ही मोकळीक राहत नाही.

अशा प्रकारे नायक, विदूषक आणि निरूपणकार या तिन्ही भूमिका एका व्यक्तीत एकवटल्या. जी भूमिका प्रश्न विचारू शकली असती ती सोंग झाली. जी अर्थ लावू शकली असती ती नायकाच्याच अधिकाराचा विस्तार झाली. मालिकेत पात्रविकास कमकुवत आहे, या विधानाचा नेमका अर्थ मला असा लागतो : नायकाला विचारणारे कोणी उरले नाही. ही एकट्या लेखकाची उणीव नव्हे. उपग्रहवाहिन्यांवरील परदेशी कार्टून मालिकांना उत्तर द्यावयाचे, पालकांना पटेल असे संस्कार द्यावयाचे आणि प्रायोजकांना रुचेल असा एक ओळखीचा चेहरा द्यावयाचा, या तिहेरी मागणीतून तो एकवटलेला नायक घडला.

६

या रचनेत बदलते ते फक्त मूल. दर आठवड्याला चूक करणारे, कबूल करणारे आणि सुधारणारे तेच. ‘यत्न’ आणि ‘प्राप्त्याशा’ या अवस्था नायकाच्या वाट्याच्या होत्या. त्या पडद्यावरील अनाम मुलाकडे आणि त्याच्यामागोमाग घरातील बालप्रेक्षकाकडे सोपविल्या गेल्या. विकासाची जबाबदारी मुलावर आणि विकास झालेला असण्याचा मान नायकाला, अशी ही विभागणी आहे. तिचा परिणाम वाङ्मयापुरता राहिला नाही.

मालिकेच्या पहिल्या वर्षांतच वृत्तपत्रांतून अस्वस्थ करणाऱ्या बातम्या येऊ लागल्या. शक्तिमान वाचवील या विश्वासाने मुलांनी उंचावरून उड्या घेतल्याचे, स्वतःला जाळून घेतल्याचे त्या सांगत. अशा प्रत्येक घटनेचा मालिकेशी खरोखर संबंध होता, असे म्हणता येणार नाही. निर्मात्यांनी तो आरोप अमान्यच केला. परंतु पुढील एक गोष्ट पडद्यावरच घडली आणि ती संहितेचा भाग मानली पाहिजे. ही दृश्ये तंत्राच्या साहाय्याने चित्रित केलेली आहेत, मुलांनी त्यांचे अनुकरण करू नये, असे शक्तिमानच्याच तोंडून सांगण्याची वेळ आली.

या सूचनेतील पेच समीक्षकाने नीट उलगडला पाहिजे. जो नायक कथेत कधी पडत नाही, ज्याचे हाड मोडत नाही, ज्याला उशीर झाल्यामुळे कोणी दगावल्याची खंत वाहावी लागत नाही, तोच कथेबाहेर येऊन पडण्याची भीती बाळगा, असे सांगतो. त्याच्या शब्दांना कथेचा आधार नाही. सावधगिरी हा त्याच्या अनुभवाचा भाग नसून त्याला दिलेल्या निवेदनाचा भाग आहे. आणि मूल कथेवर विश्वास ठेवते, निवेदनावर नव्हे. भागवंतीच्या प्रेक्षकांनी अशोककुमारांना बाजूला सारले तसेच हे. पात्राला मर्यादा देणे, त्याला चुकू देणे, चुकीचे फळ त्याच्या पदरात टाकणे, या गोष्टी केवळ कलात्मक सौष्ठवाच्या नाहीत. बालवाङ्मयात त्यांतूनच मुलाला कार्यकारणभावाचे पहिले धडे मिळतात. कच्च्या व्यक्तिचित्रणाची किंमत येथे कोणी मोजायची, हा प्रश्न म्हणून गंभीर होतो.

यावर, मुलांना अजिंक्य नायकच हवा असतो, असे म्हटले जाईल. मराठी बालवाचकाचा अनुभव याला पूर्णतः पुष्टी देत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कथामालिकेत मोठा होत नाही. तो शाळकरीच राहतो. त्या अर्थाने त्याचाही ‘विकास’ नाही. परंतु तो किरकोळ शरीराचा आहे, स्वतःच्या उतावीळ कुतूहलामुळे अडचणीत सापडतो आणि सुटतो तो सायकल, डोके आणि मित्र यांच्या बळावर. भीती त्याला ठाऊक आहे. त्याच्या वाचकाला तो आपल्याइतकाच उंच वाटतो. स्थिर नायक आणि मर्यादित नायक या गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचे यापेक्षा घरचे उदाहरण नाही.

वाढत्या प्रसारणशुल्कामुळे मालिका थांबवावी लागली, असे निर्मात्याने पुढे जाहीरपणे सांगितले. हे कारण खरे असल्यास ते मालिकेच्या रचनेशी सुसंगतच म्हणावे लागेल. ज्या कथेच्या नायकाला काळ स्पर्श करीत नाही, तिला आतून शेवट येऊ शकत नाही. तो बाहेरूनच यावा लागतो, हिशेबाच्या वहीतून. २०११ साली ती सचेतपटाच्या रूपाने परतली आणि एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत दूरदर्शनने तिचे पुनःप्रसारण केले, तेव्हा तिचे पहिले प्रेक्षक स्वतः आईबाप झालेले होते. ते बदलले होते. नायक होता तसाच होता. स्मरणरंजनाला असाच नायक मानवतो, हे खरे. समीक्षेने मात्र त्या स्मरणाशी स्पर्धाही करू नये आणि त्याच्या आड लपूही नये.

मराठीत बालसाहित्याची समीक्षा अद्याप बहुतांशी संस्कारमूल्य आणि मनोरंजनमूल्य या दोन शब्दांभोवती फिरते. ‘शक्तिमान’मध्ये दोन्ही मूल्ये भरपूर होती, आणि तरीही तिच्यात काहीतरी मूलभूत उणे होते. ते उणे दाखविण्यासाठी ‘सपाट पात्रे’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. त्याऐवजी प्रत्येक बालकथेला दोन प्रश्न विचारता येतील : या नायकाला अडविण्याचा, हसण्याचा आणि जाब विचारण्याचा अधिकार कथेत कोणाला आहे? आणि त्याच्या कृतीची किंमत कोण मोजतो? ज्या कथेत पहिल्याचे उत्तर ‘कोणालाही नाही’ असे येते, तेथे दुसऱ्याचे उत्तर बहुधा ‘वाचणारे मूल’ असेच निघेल.